आईच्या व्हिसाच्या फॉर्मवर मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ कमी केलेत.)

डहाणू लोकलमध्ये बसून ऐकत असाल तर निवांत ऐका, पालघर यायच्या आत भाग संपतो. आणि दरवाज्यात उभे असाल तर आधी आत या.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या महिन्याभरात टूरिस्ट व्हिसावर बरेच मेसेज आले. डहाणूच्या एकाने विचारलं, “दादा, एजंट लागतोच का?” कोणी विचारलं, “खात्यात किती पैसे दाखवायचे?” आणि तलासरीच्या एका मुलीने लिहिलं, “आईबाबांना एकदा परदेश दाखवायचाय. पण त्यांचा आयटीआर नाही, सॅलरी स्लिप नाही. मग होतं का त्यांचं?”

हा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला. मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि पहिल्या वेळेला मी त्याचं उत्तर साफ चुकीचं काढलं होतं. व्हिसा नाकारला गेला. माझा नाही, माझ्या आईचा. म्हणून आज प्रोसेस सांगतोच, पण आधी माझी चूक सांगतो. ती कळली की प्रोसेस आपोआप समजेल.

आईला बर्फ बघायचा होता

जे नवीन ऐकतायत त्यांच्यासाठी: मी तलासरी तालुक्यातला. बीटेक करून आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बाबा शेती करतात, भात आणि गवत. आई अंगणवाडी सेविका आहे, मला आठवतंय तेव्हापासून.

तिच्या अंगणवाडीत ऋतूंचा एक तक्ता आहे. त्यात हिवाळ्याच्या चित्रात बर्फ आहे, आणि स्वेटर-टोपी घातलेली पोरं बर्फाचा माणूस बनवतायत. आई इतकी वर्षं पोरांना ते चित्र दाखवून सांगतेय, “हा हिवाळा.” आता तलासरीतला हिवाळा तुम्हाला माहितीये. सकाळी शेकोटी आणि दुपारी घाम. एकदा ती सहज म्हणाली, “मी जे शिकवते ते मीच कधी बघितलं नाही.”

मनालीला नेलं असतं तरी तिचं काम झालं असतं, हे मला मान्य आहे. पण मी ऑफिसच्या कामाने एकदा युरोपात जाऊन आलो होतो, आणि डोक्यात बसलं होतं की आईला तिकडचाच बर्फ दाखवायचा. बाबांनी स्पष्ट सांगितलं, “तुम्ही जा. बकऱ्या कोण बघणार?”

आपल्याकडे असं काही काढलं की लोक म्हणतात, आपल्यासारख्यांना परदेश कशाला? आपल्याच तालुक्याच्या शेजारी, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं १९८९ साली पॅरिसच्या पोंपिदू सेंटरमधल्या प्रदर्शनात लागली होती. म्हणजे इथून तिकडे जाणं काही नवीन नाही. चित्रांना फक्त व्हिसा लागत नाही.

पासपोर्ट

आईचा पासपोर्ट काढायला फारसा त्रास झाला नाही. पासपोर्ट सेवेच्या अधिकृत साइटवर अर्ज भरायचा, ३६ पानी पासपोर्टचे १,५०० रुपये भरायचे, अपॉइंटमेंट घ्यायची. आम्ही ठाण्याला गेलो. नंतर पोलीस व्हेरिफिकेशन आपल्या पोलीस ठाण्यातून होतं.

दोन गोष्टी मात्र आधीच बघून ठेवा. एक, नाव आणि जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर लग्नाआधीचं नाव, आधारवर लग्नानंतरचं, पॅनवर मधलं नाव गायब, असं आपल्या आयांचं सर्रास असतं. जन्मतारीख तर अर्ध्या गावाची १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकलेली. १ जून असायला हरकत नाही, पण ती सगळीकडे १ जूनच पाहिजे. पासपोर्टवर जे छापलं जाईल तेच पुढे प्रत्येक व्हिसाच्या फॉर्मवर जाणार. तेव्हा दुरुस्त्या आधी करून घ्या, व्हिसाच्या वेळेला नको.

दोन, ईसीआर. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर बहुतेकदा हा शिक्का येतो. माझ्या मावशीच्या पासपोर्टवर आहे आणि तिला वाटायचं की आता आपण कुठेच जाऊ शकत नाही. तसं नाहीये. तो आखाती देशांसारख्या ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे. फिरायला जायला त्याची आडकाठी नाही. आणि वय ५० च्या पुढे असेल किंवा इन्कम टॅक्स भरत असाल, तर तो काढूनही घेता येतो.

माझी चूक

आता व्हिसा. युरोपातल्या एका देशाचा होता. नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या देशाचा नाही.

मी ऑफिसच्या कामात अडकलो होतो, म्हणून एक एजंट गाठला. त्याने आईची माहिती विचारली आणि म्हणाला, “अंगणवाडी वगैरे दाखवू नका. मानधन आहे, पगार नाही. आकडा फार लहान दिसतो. सरळ हाउसवाइफ लिहा. आणि खात्यात तीनेक लाख टाकून ठेवा, बॅलन्स चांगला दिसला पाहिजे.”

मला ते पटलं, हे मी कबूल करतो. २०२३ मध्ये राज्यातल्या सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं होतं. मी मनात दहा हजारांचे युरो केले. शंभराच्या आसपास. वाटलं, हे बघून तो अधिकारी हसेल. त्याला नाही, मलाच लाज वाटली होती. मी फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहिलं आणि माझ्या खात्यातून आईच्या खात्यात ३ लाख टाकले.

पहाटे अंधारात घरून निघालो, डहाणू रोडला लोकल पकडली आणि मुंबईला व्हिसा केंद्रात गेलो. तिथे दहा बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. आईच्या बोटांवरच्या रेघा कामाने झिजल्यात, मशीनने दोन-तीनदा परत घ्यायला लावलं. तिने साडीला हात पुसले, परत ठेवले. बाहेर आल्यावर म्हणाली, “रेशनला पण असंच होतं.”

काही दिवसांनी पासपोर्ट परत आला. आत व्हिसा नव्हता, एक कागद होता. युरोपातल्या शेंगेन देशांचा नकाराचा फॉर्म ठरलेला असतो. त्यात कारणांची यादी असते आणि लागू असेल त्यावर खूण करतात. आमच्या कागदावर दोन खुणा होत्या. पहिलीचा अर्थ, प्रवासाच्या हेतूबद्दल आणि मुक्कामाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही. दुसरीचा अर्थ, व्हिसाची मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे.

आईने विचारलं, “काय लिहिलंय?” मी सांगितलं.

ती म्हणाली, “मी परत येणार नाही? मग पोरांची वजनं कोण घेणार?”

मी काही बोललो नाही. मग तिने विचारलं, “माझं काम काय लिहिलंस?”

मी म्हटलं, “गृहिणी.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग जे बोलली ते मी विसरणार नाही. “मी आजवर एका पोराचं वजन वाढवून लिहिलं नाही. वरून बोलणी खाल्ली तरी नाही. आकडा लहान असतो म्हणून तर त्या पोराकडे कोणीतरी लक्ष देतं. आणि तू माझ्या खात्यात वजन वाढवून लिहिलंस.”

आपल्या पालघर जिल्ह्यात कुपोषणाचं काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे हे वाक्य मला कुठे लागलं असेल ते समजून घ्या.

अधिकाऱ्याला काय दिसलं?

राग ओसरल्यावर मी तो अर्ज परत उघडला आणि आपल्या कामात कोड तपासतो तसा वाचला. समजा मी तो अधिकारी आहे. मी या बाईंना ओळखत नाही. तलासरी कुठे आहे मला माहीत नाही. माझ्यासमोर फक्त कागद आहेत.

फॉर्म म्हणतो, गृहिणी. बँक स्टेटमेंट म्हणतं, खात्यात मानधन जमा होतंय. म्हणजे दोघांपैकी एक खोटं. मग अर्जाच्या काही दिवस आधी अचानक ३ लाख आलेत, त्याआधी खात्यात इतके पैसे कधीच नव्हते. हे कोणाचे? कशाचे? उत्तर कुठेच नाही. नोकरी नाही, सुट्टीचं पत्र नाही, परत कधी आणि कशासाठी यायचंय याचा एकही कागद नाही.

आमच्याकडे दोन टेबलांमधला डेटा जुळला नाही की सिस्टीम ते रेकॉर्ड बाहेर काढते. त्याने तेच केलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही नाकारला असता.

आणि इथेच मला व्हिसा म्हणजे काय ते कळलं. आपल्याला वाटतं व्हिसा म्हणजे आपण श्रीमंत आहोत का याची परीक्षा. तसं नाहीये. पैसे लागतात, पण ट्रिपचा खर्च भागेल एवढे. खरा प्रश्न एकच असतो: हा माणूस परत जाईल का? अमेरिकेच्या कायद्यात तर २१४(बी) नावाचं कलमच आहे. त्यानुसार टूरिस्ट व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथे राहायलाच येतोय असं आधी धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवायचं. सिद्ध करायची जबाबदारी आपली.

माझ्या आईकडे परत येण्याचं सगळ्यात पक्कं कारण होतं, तिचं काम. आणि तेच मी लपवलं होतं.

दुसरा अर्ज: काय काय केलं

नकार मिळाल्यावर अपील करता येतं, कसं आणि किती दिवसांत ते त्याच कागदावर लिहिलेलं असतं. किंवा नवा अर्ज करता येतो. फी मात्र परत मिळत नाही. आमची चूक आमचीच होती, म्हणून आम्ही नवा अर्ज केला. या वेळी एजंट नाही. आता पेन घ्या, किंवा स्क्रीनशॉट काढा.

*पहिलं, कुठे अर्ज करायचा.* शेंगेनमध्ये २९ देश आहेत आणि व्हिसा एकच चालतो. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करू नका. तुमचं हॉटेल बुकिंगच तुम्हाला खोटं पाडेल.

*दुसरं, कधी.* प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून दीड-दोन महिने हातात ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर त्याहून जास्त, कारण तेव्हा अपॉइंटमेंटच मिळत नाहीत.

*तिसरं, फी.* जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो. वर व्हिसा केंद्राचा सेवा आकार. एक लक्षात ठेवा, व्हिसा केंद्र फक्त कागद आणि ठसे घेऊन पुढे पाठवतं. निर्णय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास घेतो. त्यामुळे “आतमध्ये आपली ओळख आहे” म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

*चौथं, नेहमीचे कागद.* पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा, दोन पानं कोरी. बऱ्याच इतर देशांना ६ महिने लागतात, म्हणून ६ धरूनच चाला. किमान ३०,००० युरोचा ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स. विमानाचं जाण्यायेण्याचं रिझर्वेशन, राहण्याचं बुकिंग, रोजचा कार्यक्रम. व्हिसा हातात येण्याआधी पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. आणि नकली पीएनआरवालं ‘डमी तिकीट’ तर अजिबात नको.

*पाचवं, काम.* फॉर्ममध्ये सध्याचा व्यवसाय आणि कामाच्या ठिकाणाचा पत्ता, फोन असा रकाना असतो. तिथे या वेळी लिहिलं: अंगणवाडी सेविका, एकात्मिक बाल विकास सेवा योजना. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे, देशभर. ज्याला माहीत नाही त्याला कव्हर लेटरमध्ये दोन ओळींत समजावलं. आई स्वतः प्रकल्प कार्यालयात जाऊन रजा मंजूर करून आली. त्या पत्रात होतं की त्या इतक्या वर्षांपासून काम करतायत, या तारखेपासून या तारखेपर्यंत रजा आहे आणि अमुक तारखेला कामावर हजर होतील. ती शेवटची ओळ माझ्या ३ लाखांपेक्षा भारी होती.

*सहावं, पैसे.* ते ३ लाख परत माझ्या खात्यात घेतले. आईचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट होतं तसं दिलं. मानधन येतंय, किराणा जातोय, बचत गटाचा हप्ता जातोय. आणि खर्च कोण करणार या रकान्यात लिहिलं: मुलगा. मग माझे कागद जोडले. सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, आयटीआर, कंपनीचं सुट्टीचं पत्र, आणि आईचा सगळा खर्च मी करतोय असं सही केलेलं पत्र. नातं कशाने सिद्ध झालं? माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं आहे.

म्हणजे तलासरीच्या त्या ताईला उत्तर: हो, आईबाबांचा आयटीआर नसला तरी अर्ज करता येतो. तुमचा आयटीआर आहे ना? मग खर्च तुम्ही करताय असं सरळ लिहा. त्यांच्या खात्यात पैसे टाकून त्यांना श्रीमंत दाखवायची गरज नाही.

*सातवं, घर आणि जमीन.* आमचा सातबारा अजून आजोबांच्या आणि चुलत्यांच्या नावांसकट आहे. तसाच दिला. डिजिटल सही असलेला उतारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून सोबत लावलं. बाबा घरी थांबतायत, शेती आणि जनावरं त्यांच्याकडे आहेत, हेही पत्रात लिहिलं. बकऱ्यांचा उल्लेख केला नाही. आई म्हणत होती करायला पाहिजे होता.

*आठवं, जुना नकार.* हा लपवायचा नाही. शेंगेनचा नकार त्यांच्या सिस्टीममध्ये ५ वर्षं दिसतो. आणि इंग्लंड, अमेरिका, कॅनडा यांच्या फॉर्मवर “आधी कधी व्हिसा नाकारलाय का?” असा सरळ प्रश्न असतो. खोटं सापडलं तर कॅनडा ५ वर्षं बंदी घालू शकतो, इंग्लंड १० वर्षं. मी कव्हर लेटरमध्ये लिहिलं की मागच्या अर्जात व्यवसाय चुकीचा लिहिला होता, खात्यातली मोठी रक्कम माझी होती, ती का टाकली होती, आणि आता खरी माहिती सोबत आहे. चार वाक्यं. लिहायला मला दोन रात्री लागल्या.

ठशांचं एक बरं असतं. एकदा दिले की ५९ महिने चालतात. त्यामुळे दुसऱ्या वेळी आईला मशीनशी झगडावं लागलं नाही.

ज्यांची नोकरी नाही त्यांचं काय?

हे बऱ्याच जणांचं आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

घोलवड-बोर्डीकडे चिकूवाडी असेल तर शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही. त्यामुळे बऱ्याच जणांकडे आयटीआर नसतोच. पण शेतीचं उत्पन्न दाखवून स्वतःहून रिटर्न भरता येतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत बाहेर जायचा विचार असेल तर आत्तापासून भरा. सोबत पीक नोंदलेला सातबारा आणि व्यापाऱ्याची पट्टी. पट्टीचे पैसे शक्यतो बँकेत घ्या. रोख घेतलेला पैसा खरा असतो, पण कागदावर तो दिसत नाही.

बोट असेल तर बोटीच्या नोंदणीचे कागद, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व, सोसायटीकडून खात्यात येणारे पैसे. दुकान असेल तर परवाना आणि जीएसटी. फ्रीलान्स करत असाल तर करार आणि बिलं. प्रश्न प्रत्येक वेळी तोच: परत येऊन तुम्ही काय करणार आहात, ते ज्या कागदावर दिसतं तो कागद शोधा. नसेल तर तयार करू नका. सहा महिने थांबा आणि खरा तयार होऊ द्या.

आणि पहिलीच ट्रिप युरोपची करायला हवी असं कोणी सांगितलंय? नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. मोठ्या माणसांना विमानाने जाताना फक्त आधार चालत नाही, त्यावर बरेच जण विमानतळावर अडकतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या होतो, एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर. तो फक्त सरकारी साइटवरूनच काढा. सारख्या नावाच्या बनावट साइट सर्चमध्ये वरच दिसतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. थायलंड, मलेशियाचे नियम मधे मधे बदलतात, म्हणून माझ्या किंवा कोणाच्याही रीलवर विश्वास ठेवू नका. तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाची साइट बघा.

गेलात आणि मुदतीत परत आलात, की तोच तुमचा सगळ्यात चांगला कागद. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी शेंगेनचा नियमच तसा झालाय. तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरलेत की पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. मुक्काम मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर नाही.

मग काय झालं?

दुसऱ्यांदा नकार आला असता तरी मी हा भाग केला असता. सगळं खरं लिहिलं म्हणून व्हिसा मिळतोच असं नाही, तो त्यांचा अधिकार आहे. व्हिसा असूनही विमानतळावरचा अधिकारी प्रश्न विचारू शकतो. म्हणून हॉटेल, इन्शुरन्स, परतीचं तिकीट हे कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.

पण मिळाला. बारा दिवसांचा मागितला होता, तेवढा दिला. पासपोर्ट आला तेव्हा आई अंगणवाडीत होती. फोन केला तर म्हणाली, “नंतर कर, पोषण ट्रॅकरवर हजेरी अपलोड होत नाहीये.”

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही गेलो. बर्फ बघितला. आईने मुठीत घेतला, दाबला, आणि म्हणाली, “चित्रात कापसासारखा दिसतो. हा तर मिठासारखा आहे.” मग विचारलं, इथल्या अंगणवाड्या कशा असतात? त्या दिवशी आम्ही एका बालवाडीच्या कुंपणाबाहेर दहा मिनिटं उभे होतो. आत पोरं बर्फाचा माणूस बनवत होती, अगदी तक्त्यातल्यासारखी.

पत्रात जी तारीख लिहिली होती त्या दिवशी सकाळी आई अंगणवाडीत हजर होती. आदल्या रात्री आम्ही घरी पोहोचलो होतो. मी म्हटलं, एक दिवस आराम कर. म्हणाली, “लिहून दिलंय ना?”

आता ती हिवाळ्याच्या तक्त्यावर बोट ठेवून पोरांना सांगते, “मी इथे जाऊन आले.” पोरांचा विश्वास बसत नाही. म्हणतात, बाई थापा मारते. म्हणून तिने पासपोर्ट नेऊन शिक्का दाखवला. एक पोरगा म्हणाला, “फोटो कुठाय?” [हसतो] म्हणजे कागद कितीही द्या, समोरचा अजून एक मागणारच!

तर मंडळी, आज एवढंच. अर्ज करणार असाल तर सबमिट करण्याआधी एकदा तुमच्याबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसासारखा तो वाचा. आणि घरच्यांचा अर्ज भरत असाल तर त्यांचं काम काय लिहायचं ते त्यांनाच विचारा. मी विचारलं असतं तर नऊ हजार रुपये वाचले असते, आणि ते एक वाक्यही ऐकावं लागलं नसतं.

तुमचे प्रश्न पाठवा, पण पासपोर्टचा फोटो कोणालाही पाठवू नका, मलाही नाही. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि लोकलच्या दरवाज्यातून आत या!